माळ्यावरचं

श्रद्धांजलीच्या फ्लेक्ससाठी फोटो बहुतेक वेळा कुणाच्या तरी लग्नातला येतो. माणूस गेल्यावर घरच्यांच्या लक्षात येतं, की त्याचा एकट्याचा असा धड फोटोच नाही. मग सगळ्यांचे मोबाईल धुंडाळले जातात आणि व्हॉट्सअॅपवर एक ग्रुप फोटो येऊन पडतो, खाली मजकूर : ‘डावीकडून तिसरे’. फेटा बांधलेला, हसणारा, शेजारच्याच्या अंगावर रेललेला माणूस. आम्ही त्याला त्या गर्दीतून कापून काढतो, मागं निळं आभाळ टाकतो, खाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, रक्षाविसर्जनाची वेळ आणि पंचगंगा घाट. कोल्हापुरात गेली अठरा वर्षं माझं डीटीपी आणि फ्लेक्सचं दुकान आहे. हात बसलेला आहे. दहा मिनिटांत माणूस सुटा होतो.

नोव्हेंबर २०१८ मध्ये माझ्या धाकट्या भावाचा फोटो मीच कापला. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा नव्हता. फोटो मावसबहिणीच्या हळदीतला होता आणि त्यात धाकट्याच्या खांद्यावर कुणाचा तरी हात होता. शेजारचा माणूस काढून टाकला तरी चार बोटं खांद्यावर राहतात, हे आमच्या कामात नेहमीचंच. शर्टाचा मोकळा भाग उचलून बोटांवर भरत गेलं, की ती बुजतात. शर्ट चौकटीचा होता, त्यामुळं रेघेला रेघ जुळवणं भाग होतं. मी झूम केलं. मधल्या बोटात अंगठी दिसली. माझी.

पहाटे चारच्या सुमाराला मी तो हात पुसून पुरा केला. प्रिंट काढली, आयलेट मारले आणि उजाडायच्या आत चौकात फ्लेक्स बांधला. त्यानंतर कितीतरी महिने दुकानात एकटा असलो, की खांद्यावर कुणीतरी बोटं ठेवल्यासारखं व्हायचं. वजन नाही, नुसती बोटं. मी वळून बघायचो नाही.

धाकट्याला मीच पाठवलं होतं. गगनबावडा रस्त्यावरच्या एका गावात दुसऱ्या दिवशी वास्तुशांत होती आणि फ्लेक्स रात्रीच पोचवायचा होता. कामावरचं पोरगं रजेवर, मी मशीनवर. ‘मी टाकून येतो की,’ तो म्हणाला. मी मान वर न करताच ‘जा’ म्हटलं. गुंडाळलेला फ्लेक्स पाठीला बांधून तो गेला, पोचवला, आणि परत येताना रस्त्याकडेला उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर मागून आदळला. हंगाम नुकताच सुरू झाला होता. ट्रॉलीला मागं दिवा नव्हता, रिफ्लेक्टर नव्हता, साधी लाल चिंधीसुद्धा नव्हती.

आई मला काहीच बोलली नाही. तेराव्याला नाही, वर्षश्राद्धाला नाही. सकाळी डबा भरून द्यायची, रात्री भाकरी वाढायची. फक्त माझ्याशी बोलताना ती माझ्याकडं बघेनाशी झाली. बोलायची ती ताटाकडं बघून, नाहीतर दाराकडं बघून. माझा वाढदिवस डिसेंबरात असतो. त्या वर्षी तो झाला नाही, हे साहजिकच होतं. पुढच्या वर्षीही झाला नाही, आणि त्याच्या पुढच्याही.

आमचं घर नदीच्या बाजूच्या पेठेत, जुन्या बांधणीचं, वर लाकडी माळा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे आकडे पावसाळ्यात कोल्हापुरातल्या शेंबड्या पोरालाही पाठ असतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. आम्ही रात्रीत सगळं माळ्यावर चढवलं. धान्याचे डबे, अंथरुणं, दुकानातले दोन कॉम्प्युटर आणि धाकट्याची सॅक. पाणी उतरल्यावर गाळ काढला, भिंती घासल्या आणि एकेक वस्तू खाली आणली. सॅक कुणीच आणली नाही. मी म्हटलं नाही, आई म्हणाली नाही. ती वर आहे, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत होतं आणि त्या दिवसापासून माळ्याची शिडी भिंतीला आडवी लागून राहिली.

माझं बिघडलं ते त्यानंतर. अपघातानंतर लगेच नाही. तेव्हा मी धावपळ करत होतो, पोलीस, विमा, ट्रॉलीवाल्याचा शोध. पूर ओसरल्यावर मात्र पहाटे तीनला जाग यायला लागली, रोज, गजर लावल्यासारखी. जेवण कागदासारखं लागायचं. गिऱ्हाईक समोर बोलत असायचं आणि त्याचे ओठ हलताना दिसायचे. लग्नपत्रिकेचं प्रूफ तपासताना ‘चि. सौ. कां.’ ही अक्षरं मी पाऊण तास बघत बसलो होतो, हे बायकोनं मला नंतर सांगितलं.

आत्ती आली आणि तिनं आमच्याकडचा तो शब्द काढला : बाहेरचं. “ह्याला बाहेरचं काहीतरी झालंय. एकदा बघून घ्या की.” हा शब्द आपल्याकडं इतका सहज वापरला जातो, की त्यात काय म्हटलंय याकडं कुणाचं लक्ष जात नाही. जे माणसाला पोखरतंय ते बाहेरून आलंय. वेशीवरून, पिंपळावरून, तिकटीवरच्या उताऱ्यावरून. घराचा त्याच्याशी संबंध नाही.

बघून घेतलं. ज्याच्याकडं नेलं त्यानं डोळे मिटून, तांदूळ हातात खेळवत सांगितलं, “गेलेला तुझ्यावर नाराज हाय. तू धाडलास त्याला.” आत्तीनं त्याला आधीच सगळी हकिकत सांगितली होती, हे मला पुष्कळ नंतर कळलं. मला कुणी मारलं नाही, साखळीनं बांधलं नाही, मिरचीची धुरी दिली नाही. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं त्या गोष्टी गुन्हा ठरवल्या आहेतच. मला फक्त ते एक वाक्य मिळालं आणि ते घेऊन मी घरी आलो.

याच काळात मी भयपट बघायला लागलो. रात्री उशिरा मोठ्या ऑर्डरचं प्रिंटिंग चालू असलं, की मशीनपासून हलता येत नाही. मीडिया, म्हणजे छपाईचा फ्लेक्सचा रोल, तिरका ओढला गेला तर अख्खा वाया. तेवढ्या वेळात मोबाईलवर बघायचं. का बघत होतो ते तेव्हा सांगता आलं नसतं. आज सांगतो : भीती वाटत होती तेवढा वेळ बाकी काही वाटत नव्हतं. दीड तास मला कारण असलेली भीती मिळायची.

असंच एका रात्री ‘द बाबाडूक’ लागला. २०१४ चा ऑस्ट्रेलियातला चित्रपट, जेनिफर केंट या दिग्दर्शिकेचा. एक विधवा आई, अमेलिया, आणि तिचा सहा वर्षांचा मुलगा सॅम्युएल. बाळंतपणासाठी तिला दवाखान्यात नेताना नवऱ्याच्या गाडीला अपघात झाला आणि तो जागीच गेला. म्हणजे मुलाचा जन्मदिवस आणि बापाचा मृत्युदिवस एकच. त्यामुळं मुलाचा वाढदिवस त्या दिवशी कधी झालेलाच नाही.

इथंच मी मोबाईल बंद करणार होतो. मशीन चालू होतं म्हणून उठलो नाही.

घरात कुठून तरी एक चित्रांचं पुस्तक येतं. त्यात उंच टोपीतला, लांब बोटांचा एक काळा प्राणी आहे आणि पुस्तकच सांगतं, की याला घालवता येणार नाही. आई पुस्तक फाडते, ते चिकटवलेलं परत दारात येतं. ती जाळते. तो घरात शिरतो, तिच्यात शिरतो. नवऱ्याचे कपडे, त्याच्या वस्तू तळघरात कुलूपबंद आहेत आणि त्या प्राण्याचं मूळ ठाणं तेच. पोरगं मात्र सुरुवातीपासून मोकळं आहे. दुकानात भेटलेल्या अनोळखी बाईलाही ते सरळ सांगून टाकतं, की मला जन्माला घालायला आईला नेताना बाबा मेले. आईचा चेहरा त्या क्षणी दगडासारखा होतो. जे मूल बोलू शकतं ते तिला बोलता येत नाही आणि न बोललेलं ते सगळं घरभर फिरतंय.

या चित्रपटाबद्दल मी पुढं जे काही वाचलं त्यात सगळे अमेलियाबद्दल बोलतात. शोक दाबून ठेवला तर तो राक्षस होऊन येतो, असं. ते बरोबरच आहे. पण त्या रात्री मी तिच्या जागी नव्हतोच. मी सॅम्युएल होतो. ज्याच्यापायी दुसरा गेला, तो. आणि चित्रपटात एका ठिकाणी, तो प्राणी अंगात असताना, आई मुलाला तोंडावर सांगते, की त्याच्याऐवजी तू मेला असतास तर, असं मला कितीदा वाटलंय. मी दुकानात उभा राहून ते ऐकलं. तीन वर्षं मी माझ्या आईच्या तोंडून याच वाक्याची वाट बघत होतो. ती दाराकडं बघून बोलायची तेव्हा मला वाटायचं, आता येईल. ते आलं नाही म्हणून ते रोज येत राहिलं.

तिनं हे बोलल्यानंतर मुलगा मरत नाही. घर कोसळत नाही. मला त्या रात्री सगळ्यात जास्त धक्का बसला तो याचा.

गंभीर कौटुंबिक चित्रपटात जे जमत नाही ते भयपटात जमतं, असं मी आता म्हणतो, त्याचं कारण हे. घरगुती चित्रपटात दुःखी माणूस खिडकीशी उभा राहतो, मागं बासरी वाजते. पण दुःख असं नसतं. ते अंगाला कळतं. जिन्यात थांबून राहिल्यासारखं, फ्रीजच्या आवाजामागं श्वास घेतल्यासारखं, पाठीमागून खांद्यावर बोटं ठेवल्यासारखं. भयपटाला हे शब्दात सांगायची गरज पडत नाही. तो सरळ भिंत फुगवून दाखवतो. नताली एरिका जेम्स यांच्या ‘रेलिक’मध्ये, २०२० चा आहे, विसरत चाललेल्या आजीच्या घरात काळी बुरशी भिंतीवरून सरकत राहते. पुरानंतरच्या कोल्हापुरात राहिलेल्या माणसाला ती बुरशी ओळखीची आहे. आम्ही भिंत तीनदा घासली, दोनदा रंगवली, तरी जूनमध्ये पहिल्या पावसासरशी कंबरेएवढ्या उंचीवर ओल वर येते. ती रंगाच्या आत असते.

एक मात्र सांगायला हवं. बघताना मला हे काही सुचलेलं नव्हतं. बघताना तो प्राणी प्राणीच होता आणि मी मनापासून घाबरलो होतो. हे रूपक आहे, ते प्रतीक आहे, असं पहिल्या मिनिटापासून म्हणत बसलं तर भीती मरते, आणि भीती मेली की आतलं काही हलत नाही. आधी घाबरलो, तीन दिवसांनी रडलो, समजलं त्याच्याही नंतर.

आईचं माहेर प्रयाग चिखली. आजोबा रात्री भुतांच्या गोष्टी सांगायचे, त्या मला या काळात परत आठवायला लागल्या आणि एका रात्री दरपत्रकाच्या मागं मी त्या भुतांची यादी काढली. मुंजा : मुंज झालेला, पण सोडमुंजीच्या आधीच गेलेला मुलगा. पिंपळावर राहतो. हडळ : बाळंतपणात गेलेली बाई. समंध : ज्याच्यामागं क्रियाकर्म करायला कुणी उरलं नाही, नाहीतर ज्याचा जीव कशात तरी अडकला. यादी बघता बघता माझ्या लक्षात आलं, की ही भुतांची नावं नाहीतच. ही मरणांची नावं आहेत. ज्या मरणांवर घराला नीट रडता आलं नाही, त्यांची. पोरगं गेलं, पण ते अर्ध्या वयाचं होतं, त्याच्यावर किती बोलायचं? सून बाळंतपणात गेली, पण महिन्याभरात दुसरी सोयरीक बघायची होती, मग पहिलीचं नाव कोण काढणार? ज्याला घरात जागा मिळाली नाही त्याला पिंपळावर जागा दिली, विहिरीवर दिली, वेशीबाहेर दिली. बाहेरचं म्हणतात ते हे. ते घरातलंच होतं, आपण बाहेर काढलं.

यादीत एक भूत वेगळं आहे. चकवा. त्याला रूप नाही, कपडे नाहीत, तो कुणाचा आत्माही नाही. रात्री उसातून जाताना लागतो. माणूस चालतो, चालतो, आणि परत त्याच बांधावर येतो. वाट ओळखीची असते. गावचा दिवा दिसत असतो. पाय थांबत नाहीत, पण अंतर कापलं जात नाही. नैराश्याचं याच्याइतकं नेमकं वर्णन मला कुठल्याच इंग्रजी चित्रपटात भेटलं नाही. मला गावचा दिवा दिसत होता. बायको, पोरगं, दुकान, सगळं समोर होतं. मी रोज निघत होतो आणि रोज पहाटे तीनला त्याच बांधावर येत होतो. आजोबा म्हणायचे, चकवा लागला की चालायचं नाही. बांधावर बसून राहायचं. उजाडलं की वाट आपोआप दिसते.

बसून राहायला मात्र कुणीतरी सोबत लागतं. बायको मला डॉक्टरांकडं घेऊन गेली. मानसोपचारतज्ज्ञ बाई, शांत बोलणाऱ्या. त्यांनी पहिल्या भेटीत अपघाताबद्दल विचारलंच नाही, झोपेबद्दल विचारलं. गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतील, तोवर सोडू नका, म्हणाल्या. मग हळूहळू बाकीचं. त्यांच्याकडून मला कळलं, की वर्ष उलटूनही ज्याचा शोक तसाच धगधगत राहतो, रोजचं जगणं चालू देत नाही, त्या अवस्थेला अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०२२ च्या सुधारित निदानपुस्तिकेत स्वतंत्र आजार म्हणून जागा मिळाली आहे. मोठ्या माणसांसाठी त्यांनी मुदत धरली आहे बारा महिने. आपलं वर्षश्राद्धही तिथंच येतं. कुणी कुणाचं बघून ठरवलेलं नाही, पण वर्ष हे माप दोन्हीकडं निघालं, याचं मला त्या दिवशी फार बरं वाटलं.

शिवाजी विद्यापीठातल्या एका विद्यार्थिनीचा मानसशास्त्राचा प्रबंध माझ्याकडं टाइपिंगला आला होता, त्यात फ्रॉइडच्या १९१७ मधल्या एका निबंधाचा सारांश होता. शोकात माणसाला जग रिकामं वाटतं आणि विषण्णतेत तो स्वतःच रिकामा होतो. गेलेल्याची सावली मागं राहिलेल्यावर पडते. टाइप करता करता माझे हात थांबले. झपाटणं याला आपण दुसरं काय म्हणतो? जो गेला त्याच्यावर राग काढता येत नाही, म्हणून तो राग आत वळतो आणि स्वतःलाच खातो. धाकट्या, तू ‘मी टाकून येतो’ असं म्हणालासच का, हा प्रश्न मी तीन वर्षं स्वतःला ‘तू जा का म्हणालास’ असा विचारत होतो.

भयपटाची ही वाट सगळ्यांनाच सापडते असं नाही. ‘लाइट्स आउट’ हा डेव्हिड सँडबर्गचा २०१६ चा चित्रपट. त्यानं आधी त्याच कल्पनेवर तीन मिनिटांच्याही आतला लघुपट केला होता. दिवा बंद केला की अंधारात एक बाई उभी दिसते, दिवा लावला की नाही. कल्पना अंगावर काटा आणणारी आहे. मोठ्या चित्रपटात ती अंधारातली बाई एका आईला चिकटलेली आहे, आणि ती आई नैराश्यानं आजारी आहे. इथपर्यंत मी श्वास रोखून बघत होतो. शेवटी आई काय करते? आपण आहोत तोवर ही बाई आहे, हे ओळखून ती स्वतःवर गोळी झाडते. मुलं सुटतात. मला याचा संताप आला आणि अजून येतो. पहाटे तीनला जागा असलेल्या प्रत्येक माणसाच्या डोक्यात हाच विचार कुणीतरी कुजबुजत असतो, की तू गेलास तर घरातली बाकीची सुटतील. तो विचार म्हणजेच तर ते भूत. चित्रपटानं त्या भुतालाच खरं ठरवलं. ही गोष्ट कुणाच्या डोक्यात घोळत असेल तर त्यानं आज कुणाला तरी उठवावं, शेजारी झोपलेल्याला, नाहीतर १४४१६ वर टेलिमानसला फोन लावावा. ती सेवा याच्यासाठीच आहे आणि रात्रीही फोन उचलला जातो.

रेमी वीक्सचा ‘हिज हाउस’ मला याच्या नेमका उलट वाटतो. दक्षिण सुदानमधल्या युद्धातून पळून इंग्लंडला आलेलं जोडपं, सरकारनं दिलेलं पडकं घर, आणि भिंतीच्या आत काहीतरी. नवरा भिंत फोडत राहतो. त्यांच्या हातून वाटेत जे घडलंय ते मी इथं सांगत नाही, पण ते घडलंय आणि चित्रपट त्यांना त्यातून निर्दोष सोडत नाही. तरीही ती दोघं शेवटी घर सोडत नाहीत. मेलेली माणसं त्याच खोलीत उभी आहेत आणि जिवंत माणसं त्यांच्यासोबत राहतात. अपराध खोटा होता असं सांगून मला कुणी शांत करू शकलं नसतं. सगळ्यांनी तसा प्रयत्न केला : ‘तुझी काय चूक?’ मी त्याला पाठवलं होतं, हे खरं आहे. ट्रॉलीला दिवा नव्हता, हेही खरं आहे. ही दोन्ही वाक्यं एका घरात राहू शकतात, हे त्या चित्रपटानं मला दाखवलं.

२०२४ च्या ८ ऑगस्टच्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. शाहू महाराजांनी उभारलेलं, १९१५ साली पॅलेस थिएटर म्हणून सुरू झालेलं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. मी तिथं होतो, खासबागेच्या बाजूला, धुराच्या वासात. म्हातारे कलाकार हमसून रडत होते, तरुण पोरं रडत होती, अनोळखी माणसं एकमेकांच्या गळ्यात पडत होती. पुढं कित्येक दिवस लोक नुसते येऊन त्या काळ्या भिंतींसमोर उभे राहत होते. कुणी कुणाला म्हणालं नाही, की झालं ते झालं, आता कामाला लागा. शहराला जे कळतं ते आपल्याला घरात का कळू नये, हे मनात घेऊन मी त्या रात्री घरी आलो.

त्याच महिन्यात आईनं मला रात्री मोबाईलवर बघताना पाहिलं. तिला झोप येत नव्हती. “काय बघतोस एवढं?” मी ‘बाबाडूक’च परत बघत होतो. तिला शेजारी बसवलं आणि सांगत गेलो, ही आई, हा पोरगा, हा नवऱ्याचा फोटो. भीतीच्या जागी ती अजिबात घाबरली नाही. शेवट आला. तो प्राणी मेलेला नाही, तळघरात आहे. अमेलिया बागेतली माती उकरून एका वाडग्यात गांडुळं गोळा करते आणि खाली घेऊन जाते. तो तिच्यावर झेपावतो, ती मागं सरते, पण पळत नाही. त्याला हळू आवाजात समजावते. वाडगं अंधारात ओढलं जातं. ती वर येते.

“जेवायला घालती व्हय त्याला?” आईनं विचारलं.

“होय.”

“रोज?”

“रोज घालत असेल.”

आई बराच वेळ गप्प होती. सर्वपित्रीला ती धाकट्याचं पान वाढते, त्याच्या आवडीची सांडग्याची आमटी करते, कौलावर घास ठेवते आणि कावळा येईपर्यंत उन्हात उभी राहते. वर्षातून एक दिवस. बाकीचे दिवस त्याचं नाव आमच्या घरात निघत नव्हतं.

मग ती म्हणाली, “आणि त्या पोराचा वाढदिवस?”

“केला. त्याच दिवशी. पहिल्यांदाच.”

तिनं माझ्याकडं बघितलं. ताटाकडं नाही, दाराकडं नाही. “तू धाडलास म्हणून गेला, असं मला लई दिवस वाटायचं,” ती म्हणाली. “तुला सांगितलं असतं तर तू पण गेला असतास, अशी भ्या वाटायची.” थोड्या वेळानं उठली. “मी झोपतो आता. उद्या शिडी लाव.”

सकाळी शिडी लावली. सॅकवर पाच वर्षांची धूळ होती, चेन गंजून घट्ट बसलेली. आत बिलबुक, मेजर टेप, खिळ्यांची पुडी, अर्धा खाल्लेला चिक्कीचा पुडा. बिलबुकातलं शेवटचं चलन त्याच्या अक्षरात : ‘६ बाय १०, वास्तुशांत, बाकी ४००’. आईनं चिक्कीचा कागद उलगडून वास घेतला आणि परत नीट घडी घालून ठेवला. मेजर टेप मी दुकानात नेली. रोज वापरतो.

दुकानात कॉम्प्युटरमध्ये हळदीचा मूळ फोटोही होता, न कापलेला. मी तो ८ बाय १२ मध्ये काढला, फ्रेम करून आणला आणि घरी देवळीशेजारच्या भिंतीवर लावला, बरोबर त्या ओलीच्या वर. आम्ही दोघं, अंगाला हळद फासलेली, माझा हात त्याच्या खांद्यावर, बोटात अंगठी. फुलवाल्याकडून येताना मी झेंडूचा हार आणला होता. स्टुलावर चढून फ्रेमला लावायला गेलो तशी आई स्वयंपाकघरातून ओरडली.

“हार नको घालू त्याला. तू पण हाईस त्यात.”